गावची गाडी



मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हां दोघांना बोलायला बोलावलं आणि या वर्षीच्या निधीतला काही भाग आमच्या गावच्या गाडीसाठी द्यायचं ठरवलं, याबद्दल सर्वप्रथम मनापासून आभार. भाषणाची आम्हाला सवय नाही. आमच्या गावात सभेला बारा माणसं आली तर सभा गाजली असं म्हणतात. इथे एवढी मंडळी बघून घसा कोरडा पडलाय, तेव्हा सांभाळून घ्या.

मघाशी चहाच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं, "तुम्ही राहता तरी कुठे?" मेलबर्नहून वायव्येला निघायचं. बॅलरॅट, स्टॉवेल, हॉर्शम. हॉर्शमपर्यंत तीनशे किलोमीटर होतात. ग्रॅम्पियन्सच्या निमित्ताने तुमच्यातले पुष्कळजण त्या बाजूला आलेही असतील. हॉर्शमहून उत्तरेला वळलं की हळूहळू विमेरा संपतो आणि मॅलीचा प्रदेश सुरू होतो. सरळ रस्ता, सपाट जमीन, दोन्ही बाजूंना गहू, बार्ली आणि मसूर. हो, आपली मसूर! भारतात आणि बांगलादेशात जाणारी मसूर या भागात भरपूर पिकते, त्यामुळे तुमच्या आईच्या डब्यातली मसूर आमच्या शेजाऱ्याच्या शेतातून गेलेली असू शकते. तर असं आणखी शंभरेक किलोमीटर गेलं की आमचं गाव. वस्ती हजाराच्या आत. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. पुढे ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत ती माणसं गावाच्या नावावरून लगेच ओळखू येतील, आणि आम्हाला परवा परत तिथेच जायचंय.

आमच्यातला एकजण वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करतो आणि एकजण औषधांच्या दुकानात. म्हणजे गावातलं कुणी ना कुणी रोज आमच्यापैकी एकाच्या तरी हाताखालून जातंच. आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले, पण गावात आमची ओळख अजून 'यंग कपल' अशी आहे. यात चेष्टा कमी आणि हिशोब जास्त. 2021 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियाचं मध्यक वय 38 होतं, म्हणजे निम्मी माणसं याहून लहान आणि निम्मी मोठी. आमच्या बाजूच्या शायरमध्ये हाच आकडा पन्नाशीच्या आसपास जातो.

हे असं का झालं? पहिल्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना या भागात जमिनी वाटल्या. मॅलीत साधारण एक चौरस मैलाचा, म्हणजे 640 एकरांचा तुकडा एका कुटुंबाला मिळायचा. कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून भोवळ येईल, पण इतक्या कमी पावसात तेवढ्या जमिनीवर एक घर धड चालेना. कर्ज आणि दुष्काळ यांनी अनेकजण उठले आणि त्यांची जमीन शेजाऱ्याने घेतली. मग यंत्रं मोठी झाली, मोठ्या यंत्रांना मोठी शेतं लागली. पूर्वी जिथे दहा घरं होती तिथे आज एक घर हजारो हेक्टर कसतं. घरं गेली की शाळेतली मुलं गेली, मुलं गेली की शिक्षक गेले, मग बँक, मग बेकरी. उरलेली मुलं बारावी झाली की मेलबर्न नाहीतर ॲडलेडला शिकायला जातात आणि तिकडचीच होतात. त्यांना नावं ठेवायचा आपल्याला काय अधिकार? आपण तर समुद्र ओलांडून आलोय.

1997 ते 2009 असा जो मोठा दुष्काळ पडला त्याने आणखी काहींना हलवलं. 2010 मध्ये विमेरा-मॅली पाइपलाइन पुरी झाली. सुमारे 17,000 किलोमीटरचे उघडे कालवे बंद करून सुमारे 9,000 किलोमीटरचे नळ घातले, त्यामुळे पाण्याची नासाडी थांबली. पाण्याचा प्रश्न बराचसा सुटला. गेलेली माणसं मात्र परत आली नाहीत.

आता कुणाला वाटेल की असं गाव म्हणजे सगळे ओसरीवर बसून वाट बघतायत. तसं अजिबात नाही. आमच्या गावातले म्हातारे जितकं काम करतात तितकं मेलबर्नमध्ये असताना आम्ही तिशीतही केलं नव्हतं. फायर ब्रिगेड, म्हणजे सीएफए, स्वयंसेवकांची. 2025 च्या जानेवारीत लिटल डेझर्टला आग लागली तेव्हा आमच्याकडून गेलेल्या ट्रकवर दोघं सत्तरीच्या पुढचे होते. ऑप-शॉपच्या गल्ल्यावर ऐंशीच्या बाई बसतात. 'मील्स ऑन व्हील्स'चे डबे पोचवणाऱ्या एक आजी डबा घेणाऱ्यांपेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत आणि "त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांना" डबा वेळेवर मिळाला पाहिजे म्हणून घाई करतात. कुणाचा अंत्यविधी असला की सीडब्ल्यूएच्या बायका हॉलमध्ये सँडविच आणि स्कोन मांडतात. पूर्वी या कामाला पंधराजणी असायच्या, आता सहा. त्यातल्या एकजणी सँडविचच्या कडा कापता कापता म्हणाल्या, "माझ्या वेळेला हे कोण करणार, तेवढं आत्ताच ठरवून टाका." सगळ्या हसल्या, पण नाव कुणाचं ठरलं नाही.

या भागाची एक गोष्ट तुम्हाला नक्की आवडेल. 1998 मध्ये रुपन्यप आणि मिनिप या दोन छोट्या गावांतून मोठ्या बँका निघून गेल्या होत्या. गावकऱ्यांनी आपसात भागभांडवल जमवलं, बेंडिगो बँकेशी करार केला आणि स्वतःच्या शाखा सुरू केल्या. ऑस्ट्रेलियातली ही पहिली 'कम्युनिटी बँक'. नफ्यातला वाटा गावाच्या कामाला जायचा. आपल्याकडच्या पतपेढ्या आठवतात ना? पुढे हा प्रकार देशभर पसरला. शहरातली मंडळी आम्हाला 'बिचारी गावं' म्हणतात तेव्हा आम्ही हे उदाहरण सांगतो.

दुसरं उदाहरण निलचं. तिथे बदकांच्या मोठ्या उद्योगाला कामगार मिळेनात, तेव्हा 2010 पासून बर्मामधून निर्वासित झालेल्या करेन लोकांची कुटुंबं तिथे वसू लागली. दोनेक हजार वस्तीच्या गावात पाच-सहा वर्षांत दोनशेच्या आसपास माणसं आली. शाळा भरल्या, रिकामी घरं नांदती झाली. सगळ्याच गावांना असा उद्योग मिळत नाही. आमच्याकडे नवी माणसं येतात ती बहुतेक नर्सिंग होमच्या दारातून. 2018 ते 2021 या काळात वृद्धसेवेवर रॉयल कमिशन बसलं, आणि 1 जुलै 2023 पासून वृद्धांच्या निवासात चोवीस तास नोंदणीकृत नर्स असलीच पाहिजे असा नियम झाला. नियम योग्यच आहे. पण हॉर्शमपलीकडे रात्रपाळीला नर्स आणायची कुठून? म्हणून आमच्या रात्रपाळीच्या यादीवर केरळ, नेपाळ, फिलिपिन्स आणि आता थोडा महाराष्ट्रही दिसतो. रात्री दोन वाजता एखाद्या आजोबांना झोप येत नाही, मग ते 1960 च्या सुमाराच्या फुटबॉल मॅचची गोष्ट सांगतात. ती आता आम्हालाही पाठ झाली आहे. शेवटचा गोल ते दर वेळी थोडा जास्त लांबून मारतात.

एक गोष्ट आम्हाला जमायला फार दिवस लागले. शहाऐंशी वर्षांच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायची! इथे 'मिसेस अमुक' म्हटलं तर त्यांना परकं वाटतं. तोंडाने आम्ही नावच घेतो, मनात मात्र 'आजी' असतं. बहुधा त्यांना ते कळतं.

आता गाडीकडे वळतो. त्यासाठीच आलोय.

लहान गावात म्हातारपण काढताना सगळ्यात जड जातं ते अंतर. डायलिसिस आठवड्यातून तीनदा. हॉर्शमला जाऊन येऊन दोनशे किलोमीटर, म्हणजे एका माणसासाठी आठवड्याला सहाशे आणि वर्षाला तीस हजारांच्या वर. दर वेळी चार-पाच तास यंत्राला जोडलेलं राहायचं, तेवढा वेळ ड्रायव्हर बाहेर बसून. डोळ्याच्या पडद्याच्या विकारासाठी काही आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर स्वतः गाडी चालवता येत नाही. रेडिएशन असेल तर बॅलरॅट. सरकारी योजना आहे. अंतर एका बाजूने शंभर किलोमीटरच्या वर असेल तर किलोमीटरच्या हिशोबाने काही पैसे मागाहून मिळतात. पेट्रोलला हातभार लागतो, पण स्टिअरिंगवर बसायला माणूस त्या योजनेतून येत नाही.

म्हणून गावाने स्वतःची गाडी ठेवली आहे. लॉटरीची तिकिटं, लॅमिंग्टन केकची विक्री, एका शेतकऱ्याने दिलेला वीस टन गहू, अशा पैशांतून ती घेतली. आज तिचे तीन लाख किलोमीटर झालेत. एसी चालू केला की चढावर दम लागतो. आमच्याकडे चढ नाहीत म्हणून बरं. पण जानेवारीत पंचेचाळीस डिग्रीमध्ये कीमो घेऊन परत येणाऱ्या माणसाला रस्त्यात अडकवणारी गाडी चालणार नाही, एवढं कुणालाही पटेल.

ड्रायव्हर सगळे स्वयंसेवक. एके काळी यादीत अकरा नावं होती, आता पाच आहेत, आणि सगळ्यात मोठे एक्याऐंशीचे. संध्याकाळी रस्त्यावर कांगारू उतरतात, हंगामात धान्याचे ट्रक असतात, त्यामुळे सगळ्यांना उजेडात परतायचं असतं. हॉस्पिटलने दुपारी तीनची वेळ दिली की इथे फोनाफोनी सुरू. यादीतले एक आजोबा गेल्या वर्षीपर्यंत महिन्याला आठ फेऱ्या करायचे. आता डॉक्टरांनी गाडी बंद केली आणि तेच डोळ्याच्या इंजेक्शनला पेशंट म्हणून जातात. शेजारच्या सीटवर बसून वाटभर ड्रायव्हरला सूचना देतात. ड्रायव्हर ऐकून घेतो, कारण पुढची पाळी आपली, हे त्याला माहीत असतं.

आणि मेलबर्नची अपॉइंटमेंट असली की आमची व्यवस्था संपतेच. आठशे किलोमीटर एका दिवसात ऐंशीच्या माणसाने चालवायचे नाहीत, असं आम्हीच ठरवलंय. मग गावची गाडी हॉर्शमपर्यंत सोडते, पुढे कोच, मग ट्रेन, आणि सदर्न क्रॉस स्टेशनवर हातात पत्राचा कागद धरून एकटं उतरायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका शेजाऱ्यांची हृदयाची तपासणी मेलबर्नला ठरली होती. मुलगा पर्थला, मुलगी लंडनला. "एवढ्याशासाठी कुणाला त्रास द्यायचा," म्हणून त्यांनी फोन करून वेळ रद्द केली आणि आम्हाला नंतर सांगितलं. चार महिन्यांनी ते गेले. तपासणी झाली असती तर वाचले असते का, ते आम्ही सांगू शकत नाही, आणि त्यांच्या मुलीने लंडनहून फोनवर तेच विचारलं तेव्हाही सांगू शकलो नाही.

आमच्यापैकी एकाचं घर रत्नागिरी जिल्ह्यातलं. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. तिथल्या आमच्या घरी आई एकटी असते, आणि तिला दवाखान्यात शेजारचा रिक्षावाला नेतो. पैसे घेतो, पण परत आणेपर्यंत बाकावर बसूनही राहतो. त्या बसून राहण्याचे पैसे तो घेत नाही.

तर आमच्या मागण्या दोन. पहिली पैशांची. नवी गाडी नको, चार-पाच वर्षं वापरलेली चालेल, पण पुढचं दार रुंद उघडणारं, सीट उंच आणि मागे व्हीलचेअर मावेल अशी हवी. आजचा निधी आणि गावाने साठवलेले पैसे मिळून ते जमेल असं खजिनदार म्हणतात. त्या स्वतः ब्याऐंशीच्या आहेत आणि हिशोबाला अत्यंत कडक.

दुसरी मागणी वेळेची, आणि ती फक्त तुम्ही मेलबर्नकरच पुरी करू शकता. सदर्न क्रॉसला कुणीतरी उतरवून घ्यायला हवं, हॉस्पिटलमध्ये शेजारी बसायला हवं, डॉक्टर काय म्हणाले ते कागदावर लिहून घ्यायला हवं, आणि गरज पडली तर एका रात्रीची पथारी. महिन्यातून एखादाच दिवस. पोलिस चेक लागेल, त्याचे फॉर्म आम्ही आणलेत. जेवणाची काळजी नको. आमच्या घरी वरणभात खाऊन तीन-चारजणांची सवय झालेली आहे, फक्त मिरची बेताची घाला. आणि बोलताना जरा मोठ्याने बोला.

बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी निळी वही ठेवली आहे. त्यात नाव, फोन आणि कोणता वार मोकळा असतो ते लिहा. मंगळवार आणि गुरुवार मिळाले तर फार बरं, आमच्या लोकांना बहुतेक वेळा त्याच वारी बोलावतात.