बारा मात्रांची शिकवण



येथील नृत्यशाळेत आम्ही फ्लामेन्को शिकू लागलो, तेव्हा पदन्यासाआधी टाळ्या शिकविण्यात आल्या. ‘सोलेआ’ हा प्रकार आपल्या एकतालाप्रमाणेच बारा मात्रांचा. आघात मात्र ३, ६, ८, १० आणि १२ वर.

स्पेनच्या अँदालुसिया प्रांतातील या कलेच्या घडणीत गितानो समाजाचा वाटा मोठा. त्यांचे दूरचे पूर्वज भारतातून गेलेले. स्पेनमधील त्यांची पहिली नोंद १४२५ ची. १७८३ सालच्या राजाज्ञेनेही त्यांच्या भाषेस मनाई केली. आज तिचे काही शब्दच उरले आहेत. ताल मात्र घराघरांतील टाळ्यांतून टिकला आणि २०१० साली युनेस्कोच्या वारसायादीत गेला.

आपल्या भाषेवर कोणाची बंदी नाही. म्हणून मुलांना कोणतेही नृत्य अवश्य शिकवावे. घरी मात्रा मोजताना आकडे तेवढे मराठीत म्हणावेत, एवढीच आमची विनंती.