पुलावरची चार मुलं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लंडनच्या साउथहॉलचं नाव आपण ऐकलेलं असतं. पंजाबी मंडळींची मोठी वस्ती तिथे आहे, स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीबरोबर गुरुमुखीही आहे. या साउथहॉलमध्ये रुळांवरच्या पादचारी पुलावर १९६१ मध्ये चार शाळकरी मुलं बसत. येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांचे नंबर वहीत टिपायचे, एवढाच त्यांचा उद्योग. पण डिझेल इंजिनं येऊ लागली होती आणि वाफेची भंगारात निघत होती. यातलं एक तरी वाचवू या, असं मुलांच्या मनात आलं. खिसे रिकामे. मग त्यांनी ‘रेल्वे मॅगझिन’ला पत्र लिहिलं. ते ऑगस्ट १९६१ मध्ये छापून आलं आणि त्यातूनच ‘ग्रेट वेस्टर्न सोसायटी’ जन्मली.

ज्या कंपनीसाठी हा खटाटोप, ती ग्रेट वेस्टर्न रेल्वे १८३५ ची. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली ती त्यानंतर दोन वर्षांनी. पण कंपनी गाजली राणीच्याच काळात. तिचा इंजिनिअर ब्रुनेल. इतर कंपन्या दोन रुळांत चार फूट साडेआठ इंच अंतर ठेवत होत्या, यानं ठेवलं सात फूट पाव इंच! आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, यावरून कल्पना करा. गाड्या वेगानं धावल्या, पण दोन मापं जिथे भेटत तिथे माल एका वॅगनमधून उतरवून दुसरीत भरावा लागे. मिरज जंक्शनवर एके काळी तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते. तिथली हमालांची धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अखेर मे १८९२ मध्ये, एका शनिवार-रविवारात, चार हजारांहून अधिक कामगारांनी उरलेले १७१ मैल रुंद रूळ आत सरकवले. सोमवारी ब्रुनेलचं माप इतिहासजमा झालं होतं.

कंपनीनं त्या काळातली दोन इंजिनं आठवण म्हणून स्विंडनच्या कारखान्यात ठेवली होती. ‘नॉर्थ स्टार’ हे कंपनीच्या अगदी पहिल्या इंजिनांपैकी, तर ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मिरवलेलं. १९०६ मध्ये कारखान्यात जागा हवी होती, म्हणून दोन्ही मोडीत काढली! पुढे १९२५ मध्ये इंग्लंडात रेल्वेच्या शताब्दीचा सोहळा झाला, तेव्हा याच कंपनीनं मूळचे काही सुटे भाग वापरून ‘नॉर्थ स्टार’ची प्रतिकृती बनवली.

मंडळी, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मोडणारे लोक वाईट नव्हते. त्यांना गाड्या वेळेवर चालवायच्या होत्या. रोजच्या कामाच्या माणसाला कालची वस्तू अडगळच वाटते. म्हणून ती जपायला कुणी तरी बिनकामाचा, म्हणजे हौशी माणूस लागतो.

आणि या मुलांनी निवडलं काय? नावाजलेली एक्स्प्रेस इंजिनं नाहीत. त्यांना हवं होतं आडवाटेच्या फाट्यावर एक-दोन डबे ओढणारं छोटं इंजिन. खेडेगावातला माणूस बाजाराला जायचा तो याच गाडीनं. १९६४ मध्ये सोसायटीनं १४६६ नंबरचं तसलं इंजिन विकत घेतलं. १९६७ मध्ये लंडन-ब्रिस्टल मार्गावरच्या डिडकॉटला इंजिनांची जुनी शेड मिळाली. आज तिथे इंजिनं आहेत, डबे आहेत, कोळशाचा धक्का आहे. ज्या शेडमध्ये दोन मापांच्या गाड्यांतला माल बदलला जाई, तीही पुन्हा उभी केली आहे. ब्रुनेलच्या मापाचे थोडे रूळ टाकले आहेत आणि त्यांवर धावायला १८४० च्या ‘फायर फ्लाय’ इंजिनाची प्रतिकृती २००५ मध्ये तयार झाली. शेजारी कंपनीची तिकिटं, वेळापत्रकं आणि कागदपत्रंही जपलेली आहेत.

हे सोपं नसतं. दर दहा वर्षांनी बॉयलर उतरवून, तपासून, दुरुस्त करावा लागतो. वर्गणीदार आणि स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी हात काळे करतात, म्हणून हे चालतं.

वादही होतात. कंपनीच्या ‘सेंट’ जातीचं एकही इंजिन उरलं नव्हतं, शेवटचं १९५३ मध्ये सेवेतून गेलं. सोसायटीनं वेल्समधल्या बॅरीच्या भंगार आवारातून आलेलं ‘हॉल’ जातीचं इंजिन घेतलं आणि त्यातून ‘सेंट’ घडवलं. २०१९ मध्ये ते चालू झालं. एक खरं इंजिन देऊन नवं मिळवायचं, हे बरोबर का? ‘हॉल’ची घडण मुळात ‘सेंट’वरूनच झाली होती आणि त्या जातीची इतर इंजिनं शिल्लक आहेत, हे त्यावरचं उत्तर. मला ते पटतं; पण प्रश्न विचारला गेला, हेही चांगलंच झालं.

आपल्याकडेही व्हिक्टोरियाच्या काळातली एक रेल्वे कंपनी होती. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावू लागलेली बार्शी लाइट रेल्वे. पुढे तिच्या गाडीनं कितीएक वारकऱ्यांना पंढरपूरला नेलं. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूरच्या जुन्या घरांत आजोबांचा एखादा पास, गार्डाची शिट्टी, ट्रंकेत वेळापत्रक सापडू शकतं. दिवाळीच्या साफसफाईत ते हाती आलं, तर रद्दीत टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे काय आहे? आणि तो जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा. पुलावरच्या त्या मुलांकडेही सुरुवातीला एक वहीच होती.