ताऱ्याच्या भोवऱ्याचे वय

अंगणात गरगरणारा भोवरा तुम्ही नुसता पाहिलात, जाळी कोणी आणि केव्हा सोडली ते पाहिले नाही, तर तो किती वेळ फिरतो आहे हे सांगता येईल का? ज्योतिर्विदांपुढे नेमका हाच प्रश्न आहे.

मोठा तारा आयुष्याच्या अखेरीस फुटतो. बाहेरचे द्रव्य ढगासारखे पसरत जाते. गाभा मात्र आक्रसतो, आणि जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा गोळा मागे राहतो. हा गोळा स्वतःभोवती फिरतो आणि दीपगृहाच्या दिव्यासारखा रेडिओलहरींचा झोत फिरवतो. त्याला म्हणतात पल्सार, म्हणजे स्पंदक. त्याची गती हळूहळू कमी होते, आणि त्या कमी होण्यावरून वय काढतात.

हा हिशेब खरा किती? वृषभ राशीतला स्फोट चिनी लोकांनी १०५४ साली पाहिला, लिहूनही ठेवला. तेवीस दिवस तो तारा भर दिवसा दिसत होता! त्या ढगात १९६८ साली स्पंदक सापडला, सेकंदाला तीस फेऱ्या घेणारा. हिशेबाने त्याचे वय निघते सुमारे १,२५० वर्षे. खरे वय हजाराच्या आत. चूक आहे, पण चालण्यासारखी.

आता आपल्या पुणे जिल्ह्यातली गोष्ट. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका ढगात नवा स्पंदक शोधला. ढगाचे नाव मोठे रुक्ष आहे बघा: जी २१.५-०.९. फेऱ्या सेकंदाला सोळा. हिशेबाने वय सुमारे ४,८५० वर्षे.

पण अमेरिकेतल्या दुर्बिणीने सुमारे पंधरा वर्षांच्या अंतराने त्याच ढगाची रेडिओचित्रे घेतली होती. ती ताडून पाहिली, तर ढग चांगलाच फुगलेला! त्या फुगण्याच्या वेगावरून स्फोटाला झाली अवघी ८७० वर्षे, शंभर-दोनशे इकडे तिकडे. मग ४,८५० आले कोठून? हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: भोवरा सोडला तेव्हा तो आजच्यापेक्षा कितीतरी पट जोराने फिरत होता. इथे तसे नव्हते. हा जन्मला तोच सेकंदाला सुमारे अठरा फेऱ्या घेत. वृषभेतला मात्र पन्नासाहून अधिक.