कर्ज फेडलं की जुगार सुटतो का?

मटका असो, रमी असो की मोबाईलवरचा सट्टा, जुगाऱ्याला घेऊन येणारे घरचे लोक मला आधी हेच विचारतात, "मॅडम, एकदा कर्ज फेडून टाकलं की सुटेल ना?" मी नाही म्हणते. कर्ज फिटलं की सावकार पुन्हा उधार देतो आणि डाव पुन्हा मांडला जातो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली जुगाराचा विकार दारूसारख्या व्यसनांच्या गटात घेतला. 'गेलेले पैसे पुढच्या डावात निघतील' हा विचार त्याला खेळवत ठेवतो. सीबीटी या उपचारात आम्ही तोच तपासायला लावतो. कालचा आकडा आजच्या आकड्याला ठाऊक नसतो, हे त्याला हळूहळू पटतं. ओढ अनावर असेल, तर डॉक्टर काहींना नाल्ट्रेक्सोन देतात.

घरच्यांनी त्याच्या संमतीने पगार आणि एटीएम कार्ड काही काळ स्वतःकडे ठेवावं. देणी लपवू नयेत; ती त्याच्याच कमाईतून हप्त्याहप्त्याने फिटू द्यावीत. जीव देण्याची भाषा निघाली तर मात्र त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. 'टेली मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आजच लिहून ठेवा.