अडतीस गुणांचा कारखाना

इटलीतले फाएन्झा हे गाव शतकानुशतके झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. जानकार्लो मिनार्दी यांचा संघ याच गावातून १९८५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरला. तो २१ हंगाम टिकला, ३४० शर्यती धावला आणि त्याने मिळवले एकूण ३८ गुण. चौथ्या क्रमांकाच्या वर तो कधी गेला नाही. १९८९ मध्ये पोर्तुगालला पिएरलुइजी मार्तिनी एका फेरीपुरता सर्वांच्या पुढे होता. संघाच्या साऱ्या इतिहासात आघाडीची फेरी तेवढीच. पैशाची तंगी कायमची. १९९१ला फेरारीचे इंजिन होते, पुढच्याच वर्षी लॅम्बोर्गिनीचे. आपल्या नारायण कार्तिकेयनला २००४च्या हंगामासाठी तिथे जागा देऊ केली होती, पण प्रायोजकांचा पैसा उभा राहिला नाही आणि जागा हुकली. या संघाला अपयशी ठरवणे सोपे आहे. माझे म्हणणे असे, की गुणतक्त्यात चालक आणि पैसा दिसतो, कारखान्याचे कसब दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, त्या ३८ मधलेही काही गुण फुकटचे आहेत. २००५ साली इंडियानापोलिसला टायरच्या वादात मिशेलिनवाल्या सगळ्या संघांनी माघार घेतली, सहाच गाड्या धावल्या आणि मिनार्दीला पाचव्या-सहाव्या क्रमांकाचे सात गुण मिळाले. आक्षेप खरा आहे. मात्र त्याच शर्यतीत जॉर्डनच्या गाडीतून चौथा येऊन कार्तिकेयनने भारताचे पहिले गुण मिळवले, हेही लक्षात असू द्या. ते मिरवायचे आणि हे हिणवायचे, असे चालणार नाही. शिवाय फिसिकेला, त्रुल्ली, अलोन्सो, वेबर या चौघांनीही फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत मिनार्दीच्याच गाडीतून केली.

खरा पुरावा पुढचा आहे. रेड बुलने संघ विकत घेतला, २००६पासून त्याचे नाव तोरो रोसो झाले. कारखाना फाएन्झातच राहिला. २००८मध्ये सेबास्टियन फेटेलने भर पावसात मोंझा जिंकले, आणि संघाने त्या एका हंगामात ३९ गुण मिळवले. पैशाने हे केले, असे म्हणाल, तर त्याच मालकाचा इंग्लंडातला मुख्य संघ जवळजवळ त्याच आराखड्याची गाडी घेऊन २९ गुणांवर थांबला. त्याचा पहिला विजय २००९चा. तोरो रोसोचे फेरारी इंजिन सरस होते आणि फेटेल असामान्य होता, हे मान्य. पण पाहुण्या आराखड्याची गाडी नीट उभी करून शर्यतीमागून शर्यत धावती ठेवायला सरावलेले हात लागतात. असे हात २१ वर्षांच्या काटकसरीत तयार झालेले होते.

पीण्या या बेंगळुरूच्या औद्योगिक वसाहतीतल्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. एका शेडमध्ये टर्निंग, दुसऱ्यात ग्राइंडिंग, तिसऱ्यात हीट ट्रीटमेंट, आणि संध्याकाळपर्यंत जॉब तयार. फाएन्झाच्या शेजारी इमोलाचा ट्रॅक आहे, त्याच प्रांतात फेरारीचे मारानेल्लो. मग इथे पीण्यात असा संघ का झाला नाही? कसब कमी म्हणून नव्हे; गाडी मागणारा शेजारी नव्हता म्हणून. बेंगळुरूच्याच विजय मल्ल्यांनी २००७मध्ये एक संघ घेतला, त्याला फोर्स इंडिया नाव दिले, आणि त्याची गाडी इंग्लंडात, सिल्व्हरस्टोनला बनत राहिली.