ओम फट स्वाहा आणि फळ्यावरचं नाव



मला विषय दिला होता 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल'. तो मी परस्पर बदलला आहे. मी 'झपाटलेला'वर बोलणार आहे. मागून शिट्टी आली, म्हणजे विषय जमला.

महेश कोठारेंचा हा सिनेमा 1993 चा. आमच्या सिडकोतल्या कॉलनीत गणपतीत भाड्याच्या व्हीसीआरवर तो लागला तेव्हा आपण नववीत होतो आणि आपलं गाव औरंगाबाद होतं. त्यानंतर कित्येक दिवस मी कपाटाकडे पाठ करून झोपले नाही.

गेल्या दिवाळीत तो लेकीला दाखवला. दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "आई, हा तर चकी आहे!" आहेच. गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले'ची. शिवाय गाणी कुठेही उगवतात, मारामाऱ्या लांबतात, पार्श्वसंगीत कान किटवतं. भ्रूमध्यावर गोळी लागल्याशिवाय तात्या विंचू मरत नाही, हा नियम मात्र मला अजून आवडतो. प्रोग्रॅममध्ये एकच कमकुवत जागा ठेवावी तसा.

पण बाहुला पडद्यावर आला आणि लेकीने मोबाइल खाली ठेवला. अर्धवटरावाला बोलतं करणाऱ्या रामदास पाध्यांचं ते काम. आज संगणकावर याहून सफाईदार बाहुला करता येईल, पण हा समोर खरोखर बसलेला असतो आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याला खरोखर घाबरतात. लक्ष्या गयावया करत सांगतो, हे बाहुल्याने केलं, मी नाही. कुणाचाही विश्वास बसत नाही. लेक हसत होती. मला हसू येईना.

नववीतला तो ऑफ तास तुम्हाला आठवतो का? मी मॉनिटर. वर्ग चिडीचूप आणि मागून तात्याचा आवाज, "ओन थट स्वाहा!" सगळ्यांचे ओठ मिटलेले. बाईंची पावलं वाजली आणि मी फळ्यावर एक नाव लिहिलं. कुणाला बोलताना पाहिलं होतं म्हणून नाही. तो नकला करायचा, एवढ्याच पुराव्यावर. तो म्हणत राहिला, "मी नव्हतो." त्याला छड्या बसल्या, त्याबरोबर गॅदरिंगच्या नाटकातलं त्याचं कामही गेलं. छड्या तो विसरला असेल. नाटकात तो पुन्हा कधी दिसला नाही.

आता तांत्रिक भाग. ओठ न हलवता बोलणं म्हणजे शब्दभ्रम. त्यात प, फ, ब, भ, म सगळ्यात अवघड, कारण त्यांना ओठ मिटावे लागतात. म्हणून नवशिका 'म'च्या जागी 'न' आणि 'फ'च्या जागी 'थ' ढकलतो. 'ओम फट'चं 'ओन थट' होतं. सिनेमातला तात्या स्पष्ट 'ओम' म्हणतो. आपल्या वर्गातला 'ओन' म्हणाला होता. आणि ज्याचं नाव मी लिहिलं तो तोंड भरून, ओठ वाजवून 'ओम' म्हणायचा. डबा खाताना रोज ऐकलं होतं मी ते. म्हणजे तो नव्हता. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा मी पगार घेते, आणि ही सापडायला मला तीस वर्षं लागली.

खरा कोण होता, तेही मला आता कळलं आहे. तू पाचव्या रांगेत बसला आहेस आणि आत्ता तुझे ओठ घट्ट मिटलेले आहेत. तुझं नाव मी लिहिणार नाही.

ज्याचं लिहिलं होतं, तो दाराजवळ उभा आहे. आल्यापासून जेवणाची व्यवस्था बघतोय. मित्रा, माझं चुकलं. सगळ्यांसमोर नाव लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगते आहे. संयोजकांना विचारून ठेवलंय, माझ्यानंतरची दहा मिनिटं रिकामी आहेत. माईक सुरू आहे. नकला येत असतील अजून, तर वर ये.