गळका नळ

बंद केलेला नळ ठिबकत राहिला, तर दोष बहुधा आतल्या वायसरचा असतो. गळती किती, हे मोजणे सोपे आहे: नळाखाली ठेवलेल्या भांड्यात दहा मिनिटांत 100 मिलीलिटर पाणी जमले, तर दिवसाकाठी 14 लिटरांहून अधिक पाणी वाया जाते.

दुरुस्तीआधी त्या नळाकडे येणाऱ्या पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो आणि नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे लागते. बेसिनच्या जाळीवर फडके पसरलेले बरे. सुटलेला स्क्रू नेमका तिथेच जातो. मूठ काढल्यावर दिसणाऱ्या नटाला कापड गुंडाळून पाना लावला, की चकाकीवर ओरखडे उठत नाहीत. स्पिंडल बाहेर आल्यावर टोकाशी रबरी वायसर दिसतो. तो झिजलेला किंवा कडक झालेला असतो. दुकानात जाताना जुना वायसर सोबत न्यावा. नुसत्या अंदाजाने आणलेला हमखास दुसऱ्याच मापाचा निघतो.

नवा वायसर बसवूनही ठिबक थांबली नाही, तर वायसर ज्या कडेवर टेकतो ती पितळी कड खराब झालेली असते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे तिच्यावर पांढरा थर साचतो. तो व्हिनेगरने सुटतो. कड खरवडली गेली असेल, तर मात्र बहुधा नळच बदलावा लागतो.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत असा वायसर नसतो. त्यांत सिरॅमिकच्या चकत्यांचे कार्ट्रिज असते आणि ते अख्खेच बदलतात.